लिव्हर म्हटलं की दारू

परवा आमच्या गल्लीत नवीन आलेल्या एका सुनेनं मला दवाखान्यातून येताना बघितलं. पोरगी शिकलेली, बोलायला गोड. काय होतंय आजी, म्हणून विचारलं. मी म्हटलं, लिव्हरचं दुखणं आहे बाई, जुनं आहे. तर तिचं तोंड एवढंसं झालं आणि ती अगदी मायेनं म्हणाली, "अरेरे. आजोबा प्यायचे का लई?"

घ्या. पूर्वी मला दारुडी म्हणायचे. आता जमाना सुधारला, आता नवऱ्यानं प्यालेली दारू बायकोच्या लिव्हरात उतरवतात.

आजोबा प्यायचे हे खरं आहे, मेलेल्या माणसाबद्दल खोटं कशाला बोलू. पगार झाला की आनंदानं प्यायचे आणि लांबला की दुःखानं प्यायचे. धर्माबादेकडं पाहुण्यांत गेले तर शिंदी प्यायचे. पण त्यांचं लिव्हर शेवटपर्यंत ठणठणीत होतं. गेले ते छातीनं. आणि जिनं आयुष्यात शिंदीचा एक घोट घेतला नाही, तिचं लिव्हर गेली चाळीस वर्षं औषधांवर चाललंय. पिणारा एक आणि कागद दुसरीच्या नावाचा, ही माझी गोष्ट आहे. ती सांगताना मला राग येतो. येऊ द्या.

आधी दुखणं काय ते सांगते. लिव्हरात पित्त तयार होतं आणि केसासारख्या बारीक नळ्यांतून खाली आतड्यात उतरतं. माझं स्वतःचंच शरीर त्या नळ्यांवर उठलं. का उठलं हे मोठमोठ्या डॉक्टरांना अजून सांगता येत नाही. नळ्या सुजतात, हळूहळू बुजतात, पित्त मागं तुंबतं आणि रक्तात मिसळतं. बायकांनाच जास्त होतं म्हणे. आणि सगळ्यात आधी काय होतं, तर खाज सुटते.

खाज म्हटल्यावर लोक हसतात. त्यांना वाटतं डास चावल्यासारखं काहीतरी. तसं नाही. ज्वारीच्या खळ्यावर दिवसभर राबल्यावर अंगाला जी बारीक, टोचरी कूस लागते, ती आंघोळ केली की जाते. माझी कूस कातडीच्या आत होती. वरून बघावं तर कातडी साफ, पुरळ नाही, नायटा नाही. सुरुवात तळहाताला आणि तळपायाला झाली, तिसऱ्या बाळंतपणानंतर. तेव्हा आम्ही नायगावजवळच्या खेड्यात होतो. मी दाणे काढलेल्या मक्याच्या बुरकुंडानं घासायचे, उलथन्यानं घासायचे, उंबऱ्याच्या दगडावर पाय घासायचे. रक्त यायचं, खाज जायची नाही.

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. बाई तोंडानं फाटकी, मनानं बरी. त्यांनी आधी कडुलिंबाचा पाला उकळून अंगाला लावला, मग गंधक लावलं. मग माझ्या डोळ्यांत पिवळेपणा दिसायला लागला तेव्हा म्हणाल्या, ही तर कामीण. काविळीला आमच्याकडं कामीण म्हणतात. मग उमरीकडच्या एका माणसाकडं नेलं. तो कामिणीची माळ घालायचा. कसल्या तरी ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफून डोक्यावर ठेवायचा. काड्या वाळल्या की माळ सैल होते, डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून खाली घसरते. माळ पायाशी पडली की कामीण उतरली. माझी माळ खांद्यावर येऊन बसली ती बसलीच. आठ दिवसांनी परत गेलो तर तो म्हणाला, बाई पथ्य मोडते. चोरून खाते.

चोरून खाते! घरात खायला काय होतं चोरून खायला? पण त्या दिवसापासून आत्याबाई माझ्या ताटाकडं बघायला लागल्या. मला आता वाटतं, पुढं जे झालं त्याची सवय मला तिथंच लागली. दुखणं बरं झालं नाही की बाईनंच काहीतरी केलं असणार.

पुढं लातूर जिल्हा नवा झाला. आमचे मालक तहसिलीत शिपाई होते. त्यांनी कुणाकुणाच्या ओळखीनं लातूरला बदली मागून घेतली. नव्या जिल्ह्यात नव्या कचेऱ्या, तिथं लवकर वर चढता येईल, असं त्यांच्या डोक्यात होतं. चढले नाहीत ते सोडा. आत्याबाईंना घेऊन आम्ही आमच्या समाजाच्या वस्तीत दोन खोल्या घेतल्या, शेजारी बुद्धविहार. आणि पाऊस लागोपाठ हुकला. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, आलं तर घराला मोजक्या घागरी.

आता या दुखण्यात उन्हाळा आणि खाज यांचं फार जमतं. अंग तापलं की खाज वाढते आणि उतारा एकच, गार पाणी. ते नेमकं नव्हतं. लोक पाण्याविना तहानेनं तडफडतात हे सगळ्यांना समजतं. पाण्याविना एक बाई खाजेनं तडफडते हे कुणाला समजेल? मी भांडी घासलेल्या पाण्यात पाय बुडवून बसायचे. दुपारी घरात कुणी नसलं की रांजणाच्या ओल्या अंगाला दोन्ही तळहात आणि गाल लावून उभी राहायचे. शेजारणीनं एकदा बघितलं आणि वस्तीभर केलं, की नवरा कचेरीत गेला की ही रांजणाला मिठी मारते. हसले सगळे. मी पण हसले. काय करणार.

शेवटी मालकांच्या कचेरीतल्या एका साहेबांनी सांगितलं, लातुरात दिवस घालवू नका, हैदराबादला न्या. नेलं. तिथं रक्त काढलं, पोटात सुई घालून लिव्हरचा बारीक तुकडा काढला. डॉक्टर म्हातारे होते, दख्खनी बोलायचे, मला अम्मा म्हणायचे, मी त्यांच्या लेकीच्या वयाची असून. पहिल्यांदा कुणीतरी मला सांगितलं की ही खाज खरी आहे. वेडाची नाही, पथ्य मोडल्याची नाही. पित्त धरून ठेवणारी एक पावडर दिली. ती ताकात कालवून प्यायची, जिभेवर वाळू घेतल्यासारखी. बाकीच्या गोळ्या तिच्यासोबत घ्यायच्या नाहीत, नाहीतर ती त्यांनाही धरून ठेवते. महिन्याभरात खाज निम्मी झाली. मी त्या दिवसांत पहिल्यांदा दुपारी झोपले.

आणि त्यांनी एक कागद दिला, इंग्रजी. त्यात दुखण्याचं लांबलचक नाव होतं आणि नावाचा शेवटचा शब्द होता सिरोसिस.

मी शाळेत दुसरीपर्यंत गेले. पण लिहायवाचायला मी स्वतः शिकले, लेकरांच्या पुस्तकांवरून, दुकानांच्या पाट्यांवरून, किराण्याच्या पुड्यांवरून. पुडी सोडली की आधी कागद वाचायचा, मग साखर डब्यात ओतायची. पुढं विहारात बायकांना मीच वाचून दाखवायचे. तर आमच्या वस्तीला अंगणवाडी मंजूर झाली तेव्हा बायकांनी आपणहून माझं नाव पुढं केलं. लेकरं माझ्या अंगाखांद्यावर असायचीच. मला त्या कामाची इतकी हाव सुटली होती की सांगता येत नाही. स्वतःच्या सहीनं चालणारी एक खोली. फळा, खडू, हजेरीचं पुस्तक.

अर्ज केला. तब्येतीचा दाखला लागत होता. दवाखान्यात गेले आणि मी मूर्ख, खरं बोलणारी बाई, हैदराबादचा कागद पुढं ठेवला. म्हटलं उद्या कुणी म्हणायला नको की लपवलं.

आता ऐका. नवा जिल्हा, नवी कचेरी, नवा उत्साह. कारभार सगळा मराठीतून पाहिजे असा हुकूम होता. चांगलंच आहे, मी काय मराठीच्या विरोधात आहे का? डॉक्टरांनी कागद कारकुनाकडं सरकवला, याचं मराठीत टिपण करून दाखल्याला जोडा म्हणून. त्या कारकुनानं अख्खं नाव वाचलंच नाही. शेवटचा शब्द वाचला, तो त्याला दारुड्यांच्या कागदांवरून ओळखीचा वाटला, आणि झोकदार अक्षरात लिहिलं: सदर महिलेस मद्यपानामुळे होणारा यकृताचा विकार आहे.

झालं मराठीकरण.

मला हे समजलं कसं, तर मालकांच्या जोडीदार शिपायाकडून. फाईल त्याच्या हातून गेली. फाईल हातून गेली की ती वाचायची, आणि वाचली की चहाच्या टपरीवर सांगायची, ही शिपाई लोकांची जुनी रीत. माझ्या घरातच एक होता, मला माहीत नाही का? टपरीवर बाकीचे शिपाई आमच्या मालकांच्या तोंडावर म्हणाले, काय राव, आम्हाला वाटलं तूच एकटा पितोस, घरात जोडी हाय म्हणा की. आणि मालक हसले. घरी येऊन मला हसत हसत सांगितलं. त्यांच्या तोंडाला वास होता.

पण टपरीचं मी सहन केलं असतं. विहाराचं झालं नाही. दर पौर्णिमेला आम्ही विहारात पंचशील म्हणायचो. माझा आवाज बरा, म्हणून सुरुवात मी करायची आणि बायका मागून म्हणायच्या. त्या पौर्णिमेला मी बसायच्या आत दुसऱ्याच बाईनं सुरुवात केली. मी मागं जाऊन बसले. चार शीलं झाली. पाचवं शील नशा न करण्याचं. ते आलं तेव्हा पुढच्या दोघीतिघींनी माना वळवून माझ्याकडं बघितलं. वाईट नजरेनं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. कीव होती. बिचारी, असं बघतात ना, तसं. मी पाचवं शील मोठ्यानं म्हटलं. जेवढं मोठ्यानं म्हटलं तेवढं ते खोटं वाटायला लागलं. माझ्याच तोंडात माझंच शील खोटं झालं. त्या कारकुनाला मी कशासाठी माफ करू?

याच वस्तीतल्या बायका त्याच्या आदल्या वर्षी दारूच्या भट्टीवर गेल्या होत्या, मडकी फोडायला. पहिलं मडकं मी फोडलं होतं.

मग मला कचेरीत बोलावणं आलं. तिथं बाईच अधिकारी होत्या, सगळे मॅडम म्हणायचे. वागायला चांगल्या होत्या, खुर्ची दिली. म्हणाल्या, वस्तीचा आग्रह तुमच्यासाठीच आहे आणि मला पण तुम्ही पसंत आहात, तर आपण मार्ग काढू. मार्ग असा होता की एक हमीपत्र तयार होतं, मी दारू सोडली आहे आणि यापुढे पिणार नाही, असं. खाली माझं नाव टाईप केलेलं, सहीला जागा सोडलेली.

मी ते दोनदा वाचलं. म्हटलं, मॅडम, मी पीतच नाही.

त्या म्हणाल्या, "मग सोडली असं लिहायला काय हरकत आहे?"

अंगठा लावणारी असते तर लावून मोकळी झाले असते. वाचता येण्याचा त्रास असा असतो. त्यांच्या टेबलावर पंखा होता आणि त्याचं वारं माझ्यापर्यंत येत नव्हतं. माझे तळहात पेटले होते. मी ते खुर्चीच्या दांडीवर घासत होते आणि मॅडम माझ्या हातांकडं बघत होत्या. त्यांना वाटलं असणार, दारू सोडणाऱ्याचे हात असेच करतात. मी तो कागद सहीविना घडी घालून घरी आणला.

घरी मालक म्हणाले, कर की सही. कचेरीत असलं कोण वाचत बसतंय. एका सहीनं आयुष्यभराचं काम मिळतंय आणि तू शब्दाला धरून बसलीस. मी भाकरी थापत राहिले. आत्याबाई कोपऱ्यात तंबाखू मळत होत्या. त्यांनी मुलाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "दे की तो कागद ह्याला. ह्यानंच करावी सही. सोडायला ह्याच्यापाशी हाय तरी."

मालक उठून बाहेर गेले. त्या रागात सुद्धा मला हसू आलं. ज्या बाईनं माझ्या ताटावर नजर ठेवली ती पहिल्यांदा माझ्या बाजूनं बोलली. मग मलाच विचारलं, त्या हैदराबादच्या म्हाताऱ्यानं असं का लिहिलं? त्याला विचार की. दोन दिवसांनी आम्ही सासूसुना एस्टीनं नांदेडला आलो आणि तिथून हैदराबादच्या गाडीत बसलो. आत्याबाईंनी आयुष्यात त्या बाजूला धर्माबादच्या पुढं पाय टाकला नव्हता. ओला पंचा एका डब्यात घेतला होता, तो त्या मला अधूनमधून हातापायावर ठेवायला द्यायच्या आणि म्हणायच्या, गप बस, खाजवू नको, लोक बघतेत.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी मी सोबत नेलेली त्या कारकुनाच्या टिपणाची नक्कल कुणाकडून तरी वाचून घेतली. मग कपाळाला हात लावला. त्यांनी सांगितलं की या दुखण्याचा दारूशी काही संबंध नाही, आणि खरं सांगायचं तर बहुतेक जणींना हे नाव देतात तेव्हा लिव्हर कडक पडून आकसायची ती सिरोसिसची अवस्था झालेली पण नसते. नळ्यांचं दुखणं आहे, नाव भलतंच पडलंय. हे ऐकून आत्याबाईंनी आपल्या मोडक्या दख्खनीत विचारलं, मालूम था तो लिखे कायकू?

डॉक्टर म्हणाले, "क्या करतूं अम्मा, किताबां में वहीच है."

आता हे नीट बघा. कारकून अडाणी होता, त्याला चूक समजत नव्हती. पण याला समजत होती. नाव चुकीचं आहे हे माहीत असून पुस्तकात आहे म्हणून जगभरच्या बायकांच्या कागदावर ते लिहिलं जात होतं, आणि कुणाला वाटलं नाही की हा शब्द दवाखान्याच्या बाहेर पडून कुठं कुठं जाईल. माणूस चांगला होता. त्याच्या पावडरीनं मी जगले. तरी सांगते, त्या दिवशी मला कारकुनापेक्षा त्याचा राग जास्त आला. त्यांनी पत्र दिलं. या बाईनं कधी दारू घेतलेली नाही, या रोगाला दारू कारण नाही, ती काम करायला योग्य आहे. सही, शिक्का.

ते घेऊन मी मॅडमपुढं उभी राहिले. त्यांनी वाचलं, खाली बघितलं, म्हणाल्या, बरं झालं आणलंत, हमीपत्राची गरज नाही, सोमवारी रुजू व्हा. मी म्हटलं, आणि ते टिपण? ते काढून टाका. त्यांनी कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, शासकीय कागदावर खाडाखोड चालत नाही. एकदा लागलेला कागद काढता येत नाही. हे पत्र त्याच्या मागं जोडतो.

खोट्याच्या मागं खरं जोडलं. पुढून वाचणाऱ्याला आधी खोटंच दिसणार.

मी अडून बसायला पाहिजे होतं. हे आता म्हणते. तेव्हा वस्तीतली लेकरं दुष्काळात वाळून गेली होती, पोषणाची पाकिटं खोलीत येऊन पडली होती, आणि मला ती खोली पाहिजे होती. मी रुजू झाले, त्या कागदासकट. बावीस वर्षं काम केलं. खाज कमीजास्त होत राहिली, थकवा असा यायचा की लेकरांना गाणं शिकवताना मी भिंतीला टेकून बसायचे. पापण्यांवर पिवळे ठिपके आले, हाडं ठिसूळ झाली. पुढं पित्त पातळ करणारी गोळी निघाली, ती लागू पडली, तीच आजवर घेते. काम मी एक दिवस ढिलं केलं नाही. पण नवीन अधिकारी आला की माझी फाईल मागवायचा आणि पुढच्या भेटीला माझ्यापासून जरा जवळ उभा राहायचा. वास बघायला. मला ते लगेच समजायचं. एकानं तर तोंडावर विचारलं, आता बरं आहे ना, पूर्ण बंद आहे ना? मी हजेरीचं पुस्तक त्याच्यापुढं ठेवलं. काय बोलणार होते? मागं जोडलेलं वाचा म्हणून?

माझी नात नर्सिंगचं शिकली. थोड्या वर्षांखाली तिनं सांगितलं, आजी, तुझ्या दुखण्याचं नाव बदललं. डॉक्टरांनी सगळ्यांनी मिळून ठरवलं, तो सिरोसिस शब्द काढला, पेशंटची उगाच बदनामी होते म्हणून. तिला वाटलं मी खूष होईन. मी तिला म्हटलं, ज्यांच्या कागदावर आधीच लिहिलं त्यांना कोण सांगायला गेलं होतं?

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेले. लातुरात तेव्हा परत पाण्याची बोंब होती, कचेरीच्या नळाला पण पाणी नव्हतं. टेबलावर एक बाई होती, माझ्या लेकीच्या वयाची. तिला सगळं सांगितलं. तिनं उठून आत जाऊन चौकशी केली, परत येऊन म्हणाली, आजी, तेवढ्या जुन्या फायली नष्ट केल्या. मुदत संपली की करतात. तुमची पण त्यात गेली.

म्हणजे कागद गेला. बावीस वर्षं जो काढता येत नव्हता तो मी नसताना, मला न विचारता, रद्दीत गेला. कुणीतरी म्हणेल, चांगलं झालं की. नाही झालं. तो माझ्या डोळ्यांपुढं चुकीचा ठरायला पाहिजे होता. मी तिथंच बाकावर बसले आणि तिच्याकडं कोरा कागद मागितला. लिहिलं, की मी आयुष्यात दारू प्यालेली नाही, तसं कुठं लिहिलेलं असेल तर ते खोटं आहे. खाली नाव, गाव, सही.

ती वाचून म्हणाली, "पण आजी, हे लावू कशाला? फाईलच नाही."

"कशाला बी लाव. आवक नंबर टाक आधी."

तिनं पेन घेतलं, आवक रजिस्टर ओढलं. तारीख टाकली, माझं नाव टाकलं आणि थांबली. विषयाच्या रकान्यात काय लिहायचं, विचारलं.

म्हटलं, लिही बाई, दारू न पिल्याबाबत.

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग लिहिलं, शिक्का मारला, कागद ट्रेमध्ये टाकला. पोच मी मागून घेतली.